आर्ट्स, फ्लेक्स आणि पुढचं मशीन

तुमच्या गावातल्या फ्लेक्सच्या दुकानांची नावं आठवून बघा. बऱ्याच नावांत 'आर्ट्स' हा शब्द सापडेल. आत शिरलात तर ना ब्रश दिसणार, ना रंगाचे डबे. एक कॉम्प्युटर, त्यावर कोरल ड्रॉ, आणि मागच्या खोलीत खर्रऽऽ खर्रऽऽ करत इकडून तिकडे पळणारं मशीन. मग हे 'आर्ट्स' आलं कुठून? ते आलं पेंटरकडून. पाटी तीच राहिली, पाटीमागचं हत्यार बदलत गेलं. आज या हत्यारांचाच इतिहास सांगणार आहे.

निमित्त घरचंच आहे. माझ्या मावसभावाचं सांगलीत असं दुकान आहे. काका, म्हणजे त्याचे वडील, पेंटर. दादाने २००८ साली दहा फुटी सॉल्व्हंट मशीन घेतलं आणि दुकान फ्लेक्सचं झालं. आता त्या मशीनची हेड्स शेवटच्या घटका मोजतायत. नवीन हेड टाकायचं तर मशीनच्या आजच्या किमतीपेक्षा हेडच महाग. "तू कॉम्प्युटरमधला ना, मग सांग कुठलं मशीन घेऊ," असं दादाने फोनवर विचारलं. (सॉफ्टवेअरवाल्याला प्रिंटर कळतो, ही आपल्या समाजाची अढळ श्रद्धा आहे :) )

मी दोन शनिवार-रविवार वाचत बसलो. कंपन्यांची माहितीपत्रकं तीन गोष्टी ओरडून सांगतात: रुंदी, वेग आणि डीपीआय. पण इतिहास बघितला की लक्षात येतं, या धंद्यात खरा प्रश्न कायम एकच होता. शाई कशात विरघळवलेली आहे? बाकी सगळं त्याच्या मागून येतं: माल कुठला चालणार, गिऱ्हाईक कोण येणार, आणि मशीनशेजारी बसणाऱ्या माणसाच्या छातीत काय जाणार.

पेंटरपासून सुरुवात करू. ऑइल पेंटमध्ये रंगद्रव्य तेलात मिसळलेलं असतं आणि ते पातळ करायला टर्पेंटाइन. टर्पेंटाइन उडून जातं, उरलेलं तेल हवेतल्या ऑक्सिजनमुळे कडक होतं आणि पाटी पावसाळे काढते. या कामातून आपल्याकडे केवढी माणसं आली बघा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात शिरले, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टर्सही स्वतः केली. एम. एफ. हुसेन मुंबईत सुरुवातीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरत.

पण पेंटरच्या कामाला एक मर्यादा होती. नाव लिहायला तास, चेहरा काढायला दिवस. शिवाय दुसरी पाटी हवी तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अमेरिकेत ही मर्यादा १९८०च्या दशकात मोडली, तीही शाईने नाही तर सुरीने. व्हिएन्नाहून १९४० साली निर्वासित म्हणून कनेक्टिकटला आलेल्या जोसेफ गर्बर या इंजिनिअरच्या कंपनीने कॉम्प्युटरवर चालणारं अक्षर-कापणी यंत्र आणलं. रंगीत व्हिनाइलच्या चिकट कागदातून अक्षरं कापायची आणि काचेवर चिकटवायची. आपल्या गाड्यांच्या काचांवर 'आईचा आशीर्वाद' ज्या रेडियमवाल्याने चिकटवला, त्याच्याकडचा प्लॉटर याच कुळातला. मात्र यात फोटो येत नाही, आणि खरी भूक फोटोची होती.

फोटोसाठी इंकजेट हवं. कागदावर शाईचा थेंब नेमका फेकायच्या मुख्य रीती दोन. पहिली थर्मल. नळीतली शाई क्षणभर उकळवायची, बुडबुडा होतो, तो पुढच्या शाईला ढकलतो. कॅननमध्ये १९७७ साली गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सुईला लागलं आणि ही कल्पना सुचली, असं सांगतात. एचपीवाले स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपर्यंत पोचले आणि १९८४ साली त्यांनी थिंकजेट बाजारात आणला. दुसरी रीत पिएझो. जाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं की काही स्फटिक दाबले की वीज निर्माण होते. उलटही खरं: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो. शाईच्या नळीला असा पदार्थ लावायचा आणि सेकंदाला हजारो वेळा चिमटा काढायचा, की झाला पिएझो हेड.

एचपीने १९९१ साली डिझाइनजेट आणला. तो मुख्यतः इंजिनिअरांच्या नकाशांसाठी. कागद रुंद झाला, पण शाई पाण्यातलीच. इथे गाडी अडली. कागद पाणी पितो, प्लॅस्टिक पीत नाही. पीव्हीसीवर पाण्यातली शाई टाकली तर ती तव्यावरच्या पाण्यासारखी गोळा होते. म्हणजे खास थर दिलेला महाग माल घ्या, वर लॅमिनेशन करा, आणि तरी उन्हात फार दिवसांची खात्री नाही.

उत्तर निघालं सॉल्व्हंट शाईत. सायक्लोहेक्झानोनसारखी द्रावकं पीव्हीसीचा वरचा थर किंचित मऊ करतात, रंग त्यात रुतवतात आणि उडून जातात. थर नको, लॅमिनेशन नको, स्वस्तातलं साधं पीव्हीसी चालतं. पाणी उकळवणारं थर्मल हेड इथे कामाचं नाही, म्हणून ही सगळी दुनिया पिएझोची. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमध्ये १९८८ साली स्थापन झालेली व्ह्यूटेक आणि इस्रायलमधल्या सायटेक्स, नूर या कंपन्यांनी खोलीएवढी मशीनं बनवली. ती आपल्या दादासारख्याच्या आवाक्यातली नव्हतीच. मग चिनी कारखाने उतरले. हेड सेइको किंवा कोनिका मिनोल्टाचं, म्हणजे जपानी, नाहीतर स्पेक्ट्राचं, म्हणजे अमेरिकन, धड चिनी. तालुक्याच्या गावात दहा फुटी मशीन पोचलं ते असं.

आणि मग काय झालं ते आपण सगळ्यांनी चौकाचौकात बघितलं. पेंटरला चाळीस चेहरे काढायचे तर महिना गेला असता. मशीनला एक चेहरा आणि चाळीस चेहरे सारखेच, ते फक्त चौरस फूट मोजतं. 'भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' या मजकुराखाली शुभेच्छुकांची जी जत्रा भरते ना, तिचं श्रेय (किंवा अपश्रेय) राजकारणाइतकंच सॉल्व्हंट शाईलाही आहे. जिथे जास्तीचा चेहरा फुकट, तिथे कोणाला नाही म्हणणार?

पण उडून गेलेलं द्रावक कुठे जातं? दुकानाच्या मागच्या खोलीत. दादाकडचा ऑपरेटर पोरगा दिवसभर तिथेच असतो, नाकाला रुमाल बांधून. रुमाल धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. त्याला कार्बनचा मास्क लागतो, आणि त्याहून आधी वाफ बाहेर काढणारा धड पाइप लागतो. संध्याकाळी डोकं दुखतं ही तक्रार दादाला ठाऊक होती. "धंद्यात चालायचंच," असं तो इतकी वर्षं म्हणत आला.

याच तक्रारीतून पुढच्या तीन शाया निघाल्या.

पहिली इको-सॉल्व्हंट, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत रोलँड, मुतोह, मिमाकी या जपानी कंपन्यांनी आणलेली. द्रावक ग्लायकॉल ईथरच्या घराण्यातलं, सावकाश उडणारं. वास कमी, थेंब बारीक. बदल्यात मशीनला हीटर लागतात आणि लॅमिनेशनआधी प्रिंट साधारण एक दिवस मोकळा ठेवावा लागतो. 'इको' म्हणजे निरुपद्रवी नव्हे, 'कमी उपद्रवी' इतकंच.

दुसरी लेटेक्स, एचपीने २००८ साली आणलेली. ही मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात आवडली, कारण इथे गाडी फिरून पाण्यावर आली. पाण्यात प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण तरंगत ठेवायचे. मशीनमधली उष्णता पाणी उडवते आणि कण वितळून रंगाचा पापुद्रा बनतो. पाणी असल्यामुळे पुन्हा थर्मल हेड चालतं, जे ऑपरेटर स्वतः बदलू शकतो. प्रिंट बाहेर पडतो तो वाळलेलाच. किंमत विजेच्या बिलात मोजायची. छपाई चालू असेपर्यंत घरात एक-दोन गीझर सतत चालू ठेवल्यासारखं आहे ते.

तिसरी यूव्ही. यात काही उडतच नाही; अतिनील प्रकाश पडला की शाई जागीच घट्ट होते. ॲक्रिलिक, काच, सनबोर्ड, काहीही चालतं. मात्र न वाळलेली शाई हाताला लागू द्यायची नाही, त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.

आता दादाचा हिशोब. तो म्हणाला, "पुन्हा दहा फुटीच घेतो, गिऱ्हाईक तेच मागतं." मी म्हटलं, दादा, वर्षभराची बिलबुकं काढ. काढली. चौरस फुटात मोजलं तर बहुतेक काम फ्लेक्सचं. पण उरलेल्या पैशात मोजलं तर चित्र उलटं. फ्लेक्सचा दर शेजारच्याने पाडायचा, मग आपण. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांचे बोर्ड, गाड्यांवरचं व्हिनाइल, स्टँडी यांत दरावरून घासाघीस फार कमी.

त्यात डीपीआयची गंमत. आपल्या डोळ्याला एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटरपर्यंतचे दोन ठिपके वेगळे दिसतात. दहा मीटरवरून तीन मिलिमीटरचे. म्हणजे चौकातल्या होर्डिंगला बारीक थेंबाची गरजच नाही, आणि दवाखान्यात हातभर अंतरावर वाचायच्या बोर्डाला ती आहेच. ही दोन कामं एकाच मशीनवर नीट होत नाहीत.

कायद्याचाही वारा बघायला हवा. बेकायदा होर्डिंगवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर निकाल दिला. केरळ सरकारने २०१९ साली पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. आपल्याकडे चौकातले फ्लेक्स उद्या बंद होतील असं मी म्हणत नाही. पण फक्त फ्लेक्सच छापणाऱ्या मशीनवर पाच वर्षांचं कर्ज काढायचं, तर एकाच कामावर सगळा डाव लावल्यासारखं आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या क्षेत्रातली निघाली. दादाचं मशीन एका जुनाट कॉम्प्युटरवर चालतं, विंडोज एक्सपी, आत खास कार्ड. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा पाठिंबा २०१४ सालीच बंद केला. नवं मशीन म्हणजे नवा कॉम्प्युटर आणि नवा रिप (डिझाइनचं थेंबांच्या भाषेत भाषांतर करणारं सॉफ्टवेअर). जुन्या फाइली श्रीलिपीतल्या, युनिकोडच्या आधीच्या. फॉन्ट सापडला नाही की मजकुराच्या जागी कचरा. म्हणून नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या फाइली आधीच कर्व्हमध्ये बदलून ठेवायला सांगितल्या. हे काम कुठल्याही कोटेशनमध्ये नसतं, पण दोन-तीन आठवडे खातं.

शेवटी ठरलं ते असं. पाच फुटी इको-सॉल्व्हंट, छापणारं आणि कापणारं एकत्र. मोठे फ्लेक्स कोल्हापूरच्या ओळखीच्या प्रेसला द्यायचे, मधे थोडा फायदा ठेवून. लेटेक्स दादाला पटलं होतं, पण त्याच्या जागेतलं वीजजोडणीचं काम आणि मशीनची किंमत मिळून बजेट ओलांडत होतं.

विक्रेत्याकडे डेमो बघायला काकाही आले. विक्रेत्याने मशीनसोबत आलेला परदेशी पोपटाचा फोटो छापून दाखवला, सगळ्यांनी माना डोलावल्या. काकांनी दादाच्या पेनड्राइव्हमधली एका दवाखान्याची मराठी पाटी छापायला लावली, भिंग लावून जोडाक्षरांच्या कडा बघितल्या, आणि मगच म्हणाले, "आता बोला."

दादाने कोटेशनवर पेनाने एक ओळ वाढवली: भिंतीतून बाहेर जाणारा एक्झॉस्टचा पाइप. विक्रेता म्हणाला, "साहेब, इको आहे, गरज नाही." दादाने ती ओळ खोडली नाही.