बाडें आणि दुवे

गतवर्षीं पावसाळ्यापूर्वीं शाकारणीच्या निमित्तानें गुहागर येथील आमच्या घराचा माळा उपसला, तेव्हां जीर्ण रुमालांत बांधलेलें एक बाड हातीं लागलें. लांबट कागद अरुंद बाजूस शिवलेले. पानें हिशेबाच्या वहीप्रमाणें वर उलटावयाचीं. चार अभंग, मग खोकल्यावरील काढा, मग एक आर्या, मग नारळांचा हिशेब, आणि पुन्हां एक पद! पुढें कामास येईल म्हणून कोण्या पूर्वजानें जें रुचलें तें उतरून ठेविलें होतें.

आमच्या भ्रमणध्वनीवरही असाच एक संग्रह आहे. फेसबुकावर दिसलेल्या लेखांचे दुवे 'सावकाश वाचूं' म्हणून आम्हीं तेथें साठविले. वाचलेले मात्र बोटांवर मोजण्याइतके. तेव्हां ही हौस बाडकर्त्याचीच कीं निराळी, हा प्रश्न पडला.

पोथी सुट्या पानांची, पाठाची, देवघरांत मान पावणारी. बाड मुख्यतः कीर्तनकाराचें. रात्रीं कीर्तनास उभें राहावयाचें, तर पूर्वरंगास व आख्यानास लागणारीं पदें आणि दृष्टांत हाताशीं हवेत. इंग्लंडांतील विद्वानही अशा वह्या ठेवीत. त्यांची सूची कशी करावी यावर जॉन लॉक यानें लिहिलेली पद्धति १६८६ सालीं छापली गेली.

या सर्वांत उतरून घेणें हेंच पहिलें वाचन होय. कागद बेताचा, बोरू संथ. म्हणून निवड आपोआप होई. दुवा साठविण्यास क्षणही लागत नाहीं, म्हणून निवडीचें कारणच उरत नाहीं. दुसरा भेद याहून मोठा. बाडांत मजकूर असे; दुव्यांत मजकुराचा केवळ पत्ता असतो. घर पडलें कीं पत्ता व्यर्थ. २००७ सालीं 'रीड इट लेटर' या नांवानें निघालेली आणि पुढें 'पॉकेट' म्हणून प्रसिद्ध झालेली दुवे साठविण्याची सोय ८ जुलै २०२५ रोजीं बंद झाली. दुवे बाहेर काढण्यास मुदत मिळाली खरी; परंतु मिळाले ते पत्तेच.

बाडें अमर होतीं असें मात्र नव्हे. कित्येक वाळवीनें खाल्लीं, कित्येक घरच्यांनींच नदींत सोडलीं. तरी जीं उरलीं तीं कामास आलीं. १८७८ सालीं साने, मोडक प्रभृतींनीं 'काव्येतिहाससंग्रह' मासिक काढून जुन्या कविता व बखरी छापल्या. राजवाड्यांनीं दारोदार हिंडून दप्तरें मिळविलीं व १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध केलीं. पत्त्यांच्या यादींतून उद्यांच्या राजवाड्यांस काय सांपडणार?

असो. आम्हीं एक साधी वही आणिली आहे. ज्या लेखांतील दोन ओळी उतरून घ्याव्याशा वाटत नाहींत, त्याचा दुवा पुसावयाचा, असा नियम केला. पहिल्या संध्याकाळीं चाळीस पुसले, तीन उतरले. त्यांतील एक लेख फणसाच्या लांकडाविषयीं होता. तो चार वर्षें आमची वाट पाहत होता.