गाण्याच्या खुणेवर पाण्यात उतरलेले

युद्धाचा इतिहास बहुधा जमिनीवरून लिहिला जातो. पाण्याखाली लढणाऱ्यांच्या वाट्याला त्यात फार तर एखादी तळटीप येते. 1918 साली पोला बंदरात दोन इटालियनांनी ऑस्ट्रियाची युद्धनौका बुडवली. 1941 च्या डिसेंबरात अलेक्झांड्रियात सहा इटालियनांनी दोन ब्रिटिश युद्धनौका निकामी केल्या. श्वसनयंत्रे आणि रबरी पोशाख वापरणाऱ्या या पाणसैनिकांना 'फ्रॉगमन' हे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रूढ झाले. आम्हांला येथे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे, त्या बंगाली तरुणांपाशी यांपैकी फारसे काही नव्हते.

1971 च्या मार्चमध्ये पाकिस्तानची 'मँग्रो' ही पाणबुडी फ्रान्समधील टूलाँ बंदरात होती. पूर्व पाकिस्तानातील दडपशाहीच्या वार्ता कानी येताच तिच्यावरील काही बंगाली नौसैनिकांनी तिचा त्याग केला. त्यांतील आठ जण स्पेनमधील भारतीय दूतावासाच्या साहाय्याने भारतात पोहोचले. पाणबुडीतून निघालेली ही माणसे पुढे पाणबुड्यांची सेना उभारणार होती.

मे महिन्यात भागीरथीच्या काठी, पलाशी येथे गुप्त शिबिर सुरू झाले. 1757 साली बंगालचे स्वातंत्र्य जेथे गमावले गेले, तेच हे पलाशी. भारतीय नौदलाच्या या मोहिमेची सूत्रे कमांडर मोहन नारायणराव सामंत या मराठी अधिकाऱ्याकडे होती. तेही मूळचे पाणबुडीदलातलेच. शिबिरात आलेले बहुतेक तरुण विद्यार्थी किंवा शेतकऱ्यांची मुले होती. नौदलाची शिस्त त्यांना ठाऊक नव्हती, परंतु नदी ठाऊक होती. प्रवाहात तासन्‌तास पोहणे, नाक तेवढे पाण्याबाहेर ठेवून आवाज न करता पुढे सरकणे, सुरीने जहाजाच्या बुडावरील शेवाळ खरवडून तेथे चुंबकीय सुरुंग चिकटवणे, हा त्यांचा अभ्यासक्रम होता. साहित्य एवढेच: पायांत पोहण्याचे पंख, एक सुरी आणि गमछ्याने छातीशी बांधलेला सुरुंग.

चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांवर एकाच रात्री हल्ला करायचा होता. दूर पांगलेल्या, बिनतारी यंत्रे नसलेल्या तुकड्यांना आज्ञा कशी पोहोचवावी? उत्तर सापडले ते आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर. तुकडीच्या म्होरक्याजवळ एक ट्रान्झिस्टर होता आणि दोन गाण्यांचे गुपित होते. पंकज मलिक यांच्या आवाजातील रवींद्रनाथांचे एक गीत लागले की सज्ज व्हायचे. बाहुली सासरी निघाल्याचे दुसरे गाणे लागले की पाण्यात उतरायचे. 15 ऑगस्टची रात्र सरून 16 ची पहाट होईतो चारही बंदरे स्फोटांनी हादरली. चितगावात 'अल अब्बास' आणि 'हॉर्मझ' ही शस्त्रास्त्रे घेऊन आलेली जहाजे बुडाली. परदेशी जहाजे या बंदरांत येण्यास कचरू लागली.

अर्थ शब्दात असतो की ऐकणाऱ्यात, हा प्रश्न आम्ही वर्गात दरवर्षी मांडतो. त्या ऑगस्टमध्ये तेच गाणे बंगालभर असंख्य घरांत ऐकले गेले असेल. कुणाला भातुकलीचे दिवस आठवले असतील, कुणी ऐकता ऐकता कूस बदलली असेल. मोजक्या तरुणांनी मात्र त्याच सुरांत, कदाचित आपल्याच मरणाची, आज्ञा ऐकली. गाण्याचा एक शब्दही बदललेला नव्हता. शत्रूच्या कानांपासून अर्थ लपवायला भाषा पुरेशी असते, असे आम्ही कवितेच्या संदर्भात म्हणतो. येथे त्या विधानावर माणसांचे प्राण टांगलेले होते.

सामंतांना महावीर चक्र मिळाले. परंतु मोहीम गुप्त असल्याने तिची साद्यंत हकीकत दीर्घकाळ अप्रकाशित राहिली. 2019 साली संदीप उन्नीथन यांच्यासह त्यांनी लिहिलेले पुस्तक आले, आणि त्याच वर्षी ते निवर्तले. गोपनीयता युद्धात ढालीचे काम करते. युद्ध संपल्यावर मात्र तीच विस्मृतीचे कारण होते. कागदपत्रे असलेल्या अधिकाऱ्याचे नाव उशिरा का होईना, इतिहासात येते. गमछ्याने सुरुंग बांधून निघालेल्या मुलाजवळ कागद नव्हता, केवळ एका गाण्याची आठवण होती. बांगलादेशाच्या जन्माचा इतिहास वाचताना आणि शिकवताना ती आठवण पुराव्याच्या कोटीत धरावी लागेल, असे आम्हांला वाटते.