पुढचा भाग की नवा खेळ?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाजलेल्या चित्रपटाचा पुढचा भाग काढावा की नाही, हा प्रश्न मुंबईच्या निर्मात्यांचा आहे, त्याचे बारामती-इंदापूरकरांना काय, असे कुणी विचारील. पण लोकांना आवडलेल्या गोष्टीचे पुढे काय करायचे, हा पेच सिनेमापेक्षा पुष्कळ जुना आहे. त्याचे एक उत्तर तर कऱ्हेच्या काठी, बारामतीतच, अडीचशे वर्षांपूर्वी दिले गेले. तिकडे जाण्याआधी चित्रपटाचे बोलू.

२५ मे १९८७ रोजी ‘मिस्टर इंडिया’ प्रदर्शित झाला. निर्माते बोनी कपूर, दिग्दर्शक शेखर कपूर आणि लेखक सलीम-जावेद. ही लेखकजोडी तोवर फुटली होती. एकत्र नावाने आलेला त्यांचा त्या काळातला हा शेवटचा मोठा चित्रपट. अदृश्य होणाऱ्या माणसाची कल्पना नवी नव्हती. एच. जी. वेल्सची कादंबरी १८९७ सालची. हिंदीत अशोककुमारचा ‘मिस्टर एक्स’ १९५७ मध्ये आणि किशोरकुमारचा ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ १९६४ मध्ये येऊन गेला होता. मात्र वेल्सचा माणूस अदृश्य होताच माणुसकीला पारखा होतो, आणि इथला अरुण अनाथ मुलांचा गोतावळा सांभाळणारा, किराण्याच्या उधारीने गांजलेला साधा मनुष्य आहे. शास्त्रज्ञ वडिलांनी केलेले यंत्र त्याच्या हाती लागते. ते मनगटावर बांधले की तो दिसेनासा होतो, फक्त लाल प्रकाशात दिसतो.

शहरात उतरलेले चित्रपट त्या काळी जत्रेच्या तंबूत नव्याने लागत. ऊसपट्ट्यातल्या ज्या गावांत पक्के थिएटर नव्हते, तिथे तंबूतला सिनेमा हाच सिनेमा होता. मोगँबोचे संवाद पाठ असलेली माणसे तोच खेळ पुन्हा पाहायला बसत. मोगँबो मरणार हे ठाऊक असूनही बसत. पुढे काय होते हे कळावे म्हणून माणूस गोष्टीकडे येतो, हे अर्धेच खरे आहे. झालेले पुन्हा अनुभवावे म्हणूनही तो येतो.

आता या चित्रपटाचा शेवट आठवा. मोगँबोशी अखेरची झुंज होते, तेव्हा यंत्र अरुणजवळ नसते. तो उघड्या अंगाने, साध्या माणसासारखा लढतो आणि जिंकतो. विज्ञानकथा म्हणून या चित्रपटाला काही सांगायचे होते ते इथे सांगून झाले. यंत्र उपयोगी आहे, पण शक्ती यंत्रात नाही. पुढचा भाग काढायचा तर पहिल्याच दृश्यात ते यंत्र पुन्हा मनगटावर बांधावे लागणार. म्हणजे पहिल्या भागाने कमावलेले दुसऱ्याने गमवायचे.

फेब्रुवारी २०२० मध्ये दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी झी स्टुडिओजसोबत ‘मिस्टर इंडिया’वर तीन चित्रपटांची मालिका जाहीर केली. आपल्याला कुणी विचारले नाही, असा आक्षेप शेखर कपूर यांनी जाहीरपणे घेतला. त्यावर जावेद अख्तर यांनी त्यांनाच सुनावले. कथा, प्रसंग, पात्रे, संवाद, गाणी, अगदी नावसुद्धा माझे, मग तुमचा हक्क माझ्याहून मोठा कसा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. भांडण वरवर मानापमानाचे दिसले, तरी त्याच्या मुळाशी कायदा होता. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. २०१२ च्या दुरुस्तीने कथालेखक, गीतकार आणि संगीतकार यांना मानधनातला पुढचा वाटा मिळाला. दिग्दर्शक त्यातही कोरडाच राहिला. अमरीश पुरी २००५ मध्ये आणि श्रीदेवी २०१८ मध्ये गेल्या होत्या, म्हणजे ज्यांच्यामुळे लोक पुन्हा यावेत, त्यांच्यापैकी दोघे नव्हतेच. घोषणा झालेली ती मालिका पडद्यापर्यंत पोचली नाही.

मग पुढचा भाग काढूच नये काय? तसे म्हणणेही इतिहासाला धरून होणार नाही. ‘कोई मिल गया’ हा २००३ चा परग्रहवासीयाचा चित्रपट. त्यानंतर २००६ मध्ये ‘क्रिश’ आला आणि लोकांनी तो उचलून धरला. पण त्यात जादू नव्हता, नायकाच्या मुलाची वेगळी गोष्ट होती. उलट उदाहरण स्टॅन्ले कुब्रिकच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’चे. १९६८ च्या या चित्रपटाने पुष्कळ गोष्टी मुद्दाम न सांगता सोडल्या होत्या. आर्थर क्लार्क यांनी १९८२ मध्ये पुढची कादंबरी लिहिली, १९८४ मध्ये दुसऱ्या दिग्दर्शकाने तिचा चित्रपट केला. यानातला संगणक का बिघडला, हे त्यात नीट समजावून दिले आहे. चित्रपट वाईट नाही, पण पहिला पाहून माणूस रात्रभर विचार करतो, दुसरा पाहून शंका फिटते आणि झोप लागते.

आपल्याकडे हा वाद रामायणाइतका जुना आहे. उत्तरकांड मूळचे नसून मागाहून जोडले गेले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. राज्याभिषेकाने कथा पूर्ण होते, फलश्रुतीही युद्धकांडाच्या शेवटी येते. तरी पुढचे कांड टिकले, कारण पहिल्या सहा कांडांनी न सोडवलेला एक प्रश्न त्यात होता : राजा म्हणून जे योग्य, ते पती म्हणून योग्य होते का? आठव्या शतकातल्या भवभूतीने हाच प्रश्न हाती घेतला. हा कवी आपले घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे सांगतो. त्याने आधी ‘महावीरचरित’ लिहिले आणि मग ‘उत्तररामचरित’. पुढे कीर्ती राहिली ती दुसऱ्याची. शेवटही त्याने बदलला, सीता आणि रामाची भेट घडवली. पुढचा भाग पहिल्याहून सरस होऊ शकतो, याचा याहून चांगला दाखला शोधायला नको. अट एवढीच की प्रश्न खरा असावा.

आणि प्रश्न नसेल तर? त्याचे उत्तर बारामतीच्या मोरोपंतांनी दिले. पन्हाळ्यावर १७२९ मध्ये जन्मलेले पंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीत राहिले आणि १७९४ मध्ये तिथेच वारले. रामकथा त्यांनी एकदा नव्हे, एकशे आठ वेळा सांगितली असे परंपरा मानते. प्रत्येक वेळी बंधन वेगळे. निरोष्ठ रामायणात ओठ मिटून उच्चारावी लागणारी अक्षरेच वगळली, म्हणजे प, फ, ब, भ, म नाही. रामाच्या कथेत ‘म’ नाही, ही काय चेष्टा आहे! यात कसरत आहे, हे खरे. पण मोरोपंतांनी गोष्ट पुढे ओढली नाही, ती नव्या कसोटीवर पुन्हा उभी केली.

या दोन वाटांच्या उजेडात ‘मिस्टर इंडिया’कडे पाहिले तर माझे मत स्पष्ट आहे. पुढचा भाग नको. यंत्राचा प्रश्न त्या चित्रपटाने मिटवला आहे, आणि केवळ नाव विकत घेऊन नवा प्रश्न विकत मिळत नाही.

पण विषय मात्र संपलेला नाही. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालवला आहे. उपग्रहाची चित्रे, मातीत रोवलेली उपकरणे आणि हवामानाची नोंद एकत्र करून, पाणी कधी द्यायचे, खत किती टाकायचे, हे शेतकऱ्याच्या मोबाईलवर येते. पाणी आणि खत वाचत असेल तर त्याचे स्वागतच आहे. पण तिथे एक डोळ्यांना न दिसणारे यंत्र आपल्या रानावर नजर ठेवून आहे, आणि ते काय पाहते, ती माहिती कुणाच्या हाती जाते, हे शेतकऱ्याला ठाऊक असायला हवे. १९८७ मध्ये अदृश्य होण्याची ताकद गरिबाच्या मनगटावर होती. आज ती कुणाच्या मनगटावर आहे?

हा प्रश्न खरा आहे, आणि तो मोगँबोला पुन्हा जिवंत करून सुटणार नाही. मराठीत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञाने विज्ञानकथा घराघरांत नेली. मराठी पडद्यावर मात्र ती अजून फारशी रुजली नाही. बारामती किंवा इंदापूरच्या एखाद्या तरुणाने उसाच्या फडात उभे राहून ही गोष्ट रचावी. तिला जुन्या नावाचा आधार लागणार नाही.