म्यू लय
म्यू लय : शरीर स्थिर असताना मेंदूच्या संवेदी-प्रेरक बाह्यकावर आढळणारी, साधारण ८ ते १३ हर्ट्झ वारंवारतेची विद्युत् लय. हालचाल करताना व दुसऱ्याची हालचाल पाहतानाही ती क्षीण होते.

फ्रेंच तंत्रिकावैज्ञानिक आंरी गास्तो यांनी १९५२ मध्ये तिचे वर्णन केले. तरंगांच्या कमानदार आकारावरून तिला ‘कमानी लय’ असेही नाव मिळाले. १९५४ मध्ये गास्तो व बेर यांनी पडद्यावरील मुष्टियुद्ध पाहणाऱ्या, स्वतः स्तब्ध असलेल्या व्यक्तींमध्येही ती मंदावल्याचे नोंदवले.

वारंवारता आल्फा लयीइतकीच असली (पहा : आल्फा लय), तरी दोन्ही भिन्न आहेत. आल्फा डोक्याच्या मागील भागावर ठळक असते व डोळे उघडताच घटते. म्यू मध्यभागी आढळते व डोळे उघडल्याने फारशी बदलत नाही. ऐच्छिक हालचालीच्या सुमारे एक-दोन सेकंद आधीच तिचे दमन सुरू होते. उजवा हात हलवण्यापूर्वी ते प्रथम डाव्या गोलार्धावर दिसते. हालचालीच्या नुसत्या कल्पनेनेही दमन होते. सोबतची सुमारे २० हर्ट्झची बीटा लय हालचाल थांबल्यावर उसळून वाढते.

निरीक्षणातील दमनाचा संबंध १९९२ मध्ये पार्मा येथे माकडांत आढळलेल्या, कृती करताना व ती पाहतानाही सक्रिय होणाऱ्या चेतापेशींशी जोडला जातो (पहा : प्रतिबिंब चेतापेशी), मात्र लक्ष विचलित झाल्याने बदलणारी आल्फा त्यात मिसळत असल्याने हा निष्कर्ष वादग्रस्त आहे. स्वमग्नतेत हे दमन कमी असते असे सुचवले गेले असले, तरी त्यावरून तिचे निदान करता येत नाही. मेंदू-संगणक दुव्यात व पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनात (पहा : पक्षाघात) म्यू दमनाचा नियंत्रण-संकेत म्हणून वापर होतो.