ग्रिन्यर्ड बेटाची माती

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यालगत ग्रिन्यर्ड नावाचे सुमारे २०० हेक्टरांचे निर्जन बेट आहे. जर्मनी जंतुयुद्ध छेडील या धास्तीने पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्रातील ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये तेथे मेंढ्या बांधून त्यांच्या वाऱ्याच्या बाजूस काळपुळीच्या बीजाणूंनी भरलेले बॉम्ब फोडले आणि काही दिवसांतच त्या मेंढ्या दगावल्या. काळपुळी, म्हणजेच अँथ्रॅक्स किंवा फाशी, हा मुख्यतः चरणाऱ्या जनावरांचा रोग होय. त्याचा जिवाणू जनावराच्या शरीराबाहेर पडला की जाड कवच धारण करून सुप्तावस्थेत जातो; या अवस्थेलाच बीजाणू म्हणतात आणि ऊन, पाऊस, थंडी सोसून तो जमिनीत कित्येक दशके टिकतो. प्रयोग यशस्वी ठरला खरा, पण बेट निकामी झाले. सरकारने ते ताब्यात घेतले, किनाऱ्यावर धोक्याच्या पाट्या लावल्या आणि जवळजवळ चार दशके माती तपासण्यापलीकडे फारसे काही केले नाही.

१९८१ मध्ये ‘डार्क हार्वेस्ट’ या नावाने वावरणाऱ्या अज्ञात गटाने बेटावरची असल्याचे सांगत मातीचे पुडके थेट पोर्टन डाउनजवळ ठेवले आणि बेट स्वच्छ करण्याची मागणी केली. मार्ग निंद्य असला तरी या प्रकरणाने विसरलेले बेट पुन्हा चर्चेत आणले, हे नाकारता येत नाही.

प्रत्यक्ष शुद्धीकरण १९८६ मध्ये झाले. जिवाणूंची प्रथिने व जनुकद्रव्य निकामी करणारे फॉर्माल्डिहाइडचे द्रावण सुमारे २८० टन घेऊन ते २,००० टन समुद्राच्या पाण्यात मिसळण्यात आले आणि जमिनीवर अंथरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून दर चौरस मीटरला ५० लिटर या प्रमाणात मुरवण्यात आले. संपूर्ण बेट भिजवले गेले असे अनेकदा लिहिले जाते. परंतु हे आकडे ताडून पाहिले तर एवढे द्रावण जेमतेम चार-साडेचार हेक्टरांना पुरते, म्हणजे काम बाधित पट्ट्यापुरतेच होते. पृष्ठभागावरचे बीजाणू मारण्यापेक्षा खोलवर दडलेल्यांपर्यंत द्रावण पोहोचवणे अवघड होते, म्हणून मातीचे नमुने पुन्हा तपासावे लागले. अखेरची कसोटी मात्र साधी होती: त्याच जमिनीवर मेंढ्या चरावयास सोडण्यात आल्या आणि त्या निरोगी राहिल्या.

२४ एप्रिल १९९० रोजी संरक्षण खात्याच्या कनिष्ठ मंत्र्याने बेटावर जाऊन धोक्याची पाटी काढली आणि १ मे रोजी मूळ मालकाच्या वारसांनी ते सरकारकडून ५०० पौंडांना, म्हणजे सरकारने दिलेल्या किमतीलाच, परत घेतले.