लेटन येथील शेतीवास्तू

वेल्समधील वेल्शपूलजवळच्या लेटन इस्टेटीवर लिव्हरपूलचे बँकर जॉन नेलर यांनी प्रामुख्याने १८५०च्या दशकात उभारलेल्या आदर्श शेतीच्या इमारती. श्रीमंताची हौस म्हणून त्या सहज निकालात काढल्या जातात. मांडणी मात्र वेगळेच सांगते. गोठे, वर्तुळाकार डुक्करखाना आणि मेंढवाडा यांत जनावरे छपराखाली राहत, त्यामुळे मलमूत्र वाया जात नसे. ते टेकडीवरच्या टाकीत चढवून नळांवाटे उतारावरील शेतांना देण्याची योजना होती. यामागे कारण होते: १८४६मध्ये आयात धान्यावर जकात लावणारे ब्रिटनचे धान्य कायदे रद्द झाले आणि ते संरक्षण सरले. त्यामुळे एकरी उत्पन्न वाढवणे जमीनदारांना भागच होते. एवढा खर्च शेतीतून निघणे कठीण, हा आक्षेप रास्त आहे. पैसा मुळात बँक व्यवसायातून आलेला होता. परंतु केवळ तोट्यावरून या इमारती वेडगळ ठरवता येत नाहीत. १८७०च्या दशकापासून स्वस्त अमेरिकी गव्हापुढे हात राखून खर्च करणारे अनेक शेतकरीही टिकले नाहीत.