मलबारचे गवत, कोरियाचे नाव

नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेल्या आपल्यापैकी पुष्कळांचा हिरवळ ह्या वस्तूशी खरा परिचय परप्रांतीच होतो. गावाकडील घरापुढे अंगण असते. ते शेणाने सारवतात, त्यात तुळशीवृंदावन असते आणि तेथे उगवलेले गवत उपटून टाकण्याजोगे मानले जाते. हरळीचेच पाहा. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी भक्तिभावाने वाहणारा शेतकरी तीच हरळी काळ्या रानात दिसली की शत्रू समजून तिच्या मुळ्या खोलवर खणून काढतो. गवत मुद्दाम लावावे, त्यास पाणी घालावे, ते वाढले की कापावे आणि त्यावर खुर्च्या मांडून बसावे, ही रीत आपल्याकडे साहेबाबरोबर आली.

साहेबाच्या देशातही ही चैन दीर्घकाळ मोठ्या जमीनदारांपुरतीच होती, कारण विळ्याने गवत एकसारखे कापण्यास माणसे फार लागत. १८३० साली ग्लॉस्टरशर परगण्यातील एडविन बडिंग ह्याने कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनविले, आणि मग हिरवळ मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या दारी आली. हिंदुस्थानात मात्र तिचा संबंध सत्तेशी राहिला. डिसेंबर १९११ मध्ये राजधानी दिल्लीस नेण्याची घोषणा झाली. पुढे उभ्या राहिलेल्या व्हाइसरॉयच्या प्रासादाभोवतीच्या उद्यानासाठी दूब, म्हणजे आपली हरळीच, कलकत्त्याच्या बेल्व्हेडिअर येथून आणण्यात आली. ते उद्यान आज राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान होय. बेल्व्हेडिअर हे बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचे निवासस्थान. १९५३ पासून तेथे राष्ट्रीय ग्रंथालय नांदले. राजधानी हलली तेव्हा दफ्तरे हलली, कारकून हलले, तसे गवतही हलले!

योगायोग असा की, त्याच १९११ साली अमेरिकेच्या शेतकी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स पायपर ह्याने फिलिपाइन्समधील मनिला येथून एक गवत आपल्या देशी नेले. ते तेथे ‘मनिला गवत’ ह्या नावाने रूढ झाले. त्याचे शास्त्रीय नाव झॉयसिया मॅट्रेला. ह्या नावाचा इतिहास पाहू लागलो की आपण मनिलाहून थेट आपल्याच किनाऱ्यावर येतो. १७७१ साली लिनिअसने ह्या गवताची प्रथम नोंद केली, ती मलबारात मिळालेल्या नमुन्यावरून. त्याने त्यास अ‍ॅग्रोस्टिस ह्या दुसऱ्याच कुळात घातले होते. १८०१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ विल्डेनो ह्याने त्यासाठी झॉयसिया हे स्वतंत्र कूळ कल्पिले, आणि १९१२ मध्ये मनिला येथे काम करणाऱ्या एल्मर मेरिलने आजचे नाव मुक्रर केले.

झॉयसिया हे नाव कार्ल फॉन झॉइस (१७५६–१७९९) ह्या गृहस्थाच्या स्मरणार्थ आहे. हा आजच्या स्लोव्हेनियातील एका सरदार घराण्यातला. त्याचे सारे आयुष्य आल्प्स पर्वतावरील फुलझाडे गोळा करण्यात गेले. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी उष्ण किनाऱ्यावरील ह्या वाळूतल्या गवताला त्याचे नाव मिळाले. मलबारचे गवत, आल्प्समधल्या माणसाचे नाव, आणि बाजारात ओळख मनिलाची! आज आपल्याकडील रोपवाटिकांत ह्याच कुळातील गवते ‘कोरियन’ आणि कोठे कोठे ‘मेक्सिकन’ म्हणूनही विकली जातात. मेक्सिकोशी त्यांचा जन्माचा काडीइतकाही संबंध नाही.

कोरियाचा मात्र संबंध खरा आहे, आणि तो फार हृद्य आहे. झॉयसिया जपोनिका ही थंडी सोसणारी जात कोरिया, जपान व उत्तर चीन येथील. कोरियात परंपरेने मृतांना पुरून त्यांवर मातीचा गोल उंचवटा करीत आणि त्यावर हे गवत लावीत. शरद ऋतूतील चुसोक ह्या सणापूर्वी दूरदूरचे नातलग गावी येऊन पूर्वजांच्या समाधीवरील गवत कापतात. ते न कापणे म्हणजे पितरांची उपेक्षा. आपल्या पितृपक्षाच्याच सुमारास येणारा हा आचार वाचून मन चमकते. जपानात ओकायामा येथे १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन ह्या सरदारी बागेतही ह्याच गवताची विस्तीर्ण हिरवळ आहे. म्हणजे गवत राखणे ही एकट्या साहेबाची मिरास नव्हे. पूर्वेकडे त्याची स्वतंत्र परंपरा होती.

ह्या परंपरेतले बी पश्चिमेस नेणारा एक विलक्षण माणूस होता. फ्रँक मायर हा अ‍ॅम्स्टरडॅमला जन्मलेला माळी. अमेरिकेत गेल्यावर १९०५ पासून तेथील शेतकी खात्याने त्यास आशियात वनस्पती शोधण्यास धाडले. चीन, मांचुरिया, कोरिया, मध्य आशिया असा तो बहुतांशी पायी हिंडला. त्याने पाठविलेल्या वनस्पतींत कोरियातील झॉयसियाचे बीही होते. जून १९१८ मध्ये यांगत्से नदीत बोटीवरून तो नाहीसा झाला आणि पुढे त्याचे प्रेत सापडले. १९५१ साली अमेरिकेने झॉयसियाचा एक निवडक वाण प्रसृत केला, त्यास ‘मायर’ हे नाव दिले. आपल्या नावाची हिरवळ त्याने पाहिली नाही. पुढे १९५५ मध्ये जॉर्जिया राज्यातून ‘एमरल्ड’ हा बारीक पात्याचा संकरित वाण आला.

आता व्यवहाराकडे वळू; कारण वाचकांपैकी कित्येकांच्या निवासस्थानापुढे चार हात जमीन असतेच. कुळात निवडण्याजोग्या जाती तीन. जपोनिकाचे पाते रुंद व राठ, पण ती थंडी व तुडवणे दोन्ही सोसते. पॅसिफिका, जिला पूर्वी टेन्युइफोलिया म्हणत, ती मखमलीसारखी बारीक, पण नाजूक व अतिशय सावकाश वाढणारी. न कापल्यास तिचे उंचवटे बनतात. मॅट्रेला ह्या दोहोंमधली. मद्रास, कोचीन, विशाखापट्टण अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी खारी हवा व खारट पाणी सोसणारी मॅट्रेलाच बरी. दिल्ली-लखनौकडे हिवाळ्यात ही सर्वच गवते पिवळी पडतात. ते मरण नव्हे, ती निद्रा होय. त्या वेळी घाबरून खतपाणी ओतू नये. जेथे झाडाची विरळ सावली आहे तेथे हरळी झुरते, झॉयसिया तगते. दाट सावलीत मात्र तीही टिकत नाही.

लावण्यापूर्वी जमीन वीतभर खणून हरळीच्या व लव्हाळ्याच्या मुळ्या वेचून काढाव्यात. एकदा झॉयसियात हरळी शिरली की ती वेगळी करणे जवळजवळ अशक्य. पावसाळ्याच्या आरंभी मातीसकट गवताचे लहान ठोंब वीत-वीत अंतरावर लावावेत. रुजल्यावर आठवड्यास एकूण इंचभर पाणी पुरे. रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच खोल भिजविणे चांगले. खतही बेताचेच घालावे. अति खताने पात्यांच्या बुडाशी वाळल्या काड्यांचा थर साचतो आणि पाणी मुळांपर्यंत जात नाही. पाते चिवट असल्याने यंत्राची धार तीक्ष्ण हवी. उंची इंच-दीड इंच राखावी आणि एका वेळी तिसऱ्या भागाहून अधिक कापू नये.

ह्या गवताचा एकच मोठा दोष सांगतात, तो म्हणजे त्याची मंद गती. हरळी एका पावसाळ्यात जमीन झाकते. झॉयसियास दोन वर्षेही लागतात. आणि आपली बदली तर बहुधा तीन वर्षांनी! म्हणूनच सरकारी वसाहतींतून लवकर दिसणाऱ्या गोष्टींचीच लागवड अधिक होते. नव्या साहेबास येताच हिरवे हवे असते, जाणाऱ्यास मागे काय राहते ह्याची फिकीर नसते. कार्यालयाच्या हिरवळीवर हिवाळ्याच्या उन्हात डबा सोडून बसणाऱ्या आम्हां कारकुनांना ती कोणी लावली हे ठाऊक नसते, आणि ते विचारण्याची पद्धतही नाही.

पण ह्या गवताचा सारा इतिहास पाहिला तर तो अशाच माणसांचा आहे. झॉइसला आपले नाव कशास मिळाले ते कळले नाही. मायर दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या देशासाठी हिंडत गेला. परमुलखात राहणाऱ्याने तेथील जमिनीवर आपला हक्क सांगू नये हे खरे. परंतु दोन वर्षांनी जमणारे गवत पहिल्याच पावसाळ्यात लावून ठेवण्यास त्यास कोणाची मंजुरी लागत नाही. तिसऱ्या वर्षी किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना हिरवळ जमलेली असेल. तिच्यावर खुर्ची मांडणारा मराठी असेल, तमिळ असेल किंवा पंजाबी. गवताला त्याचे काही नाही.